आत्याबाईंनी थांबवलेली मिरवणूक

वाद्यांचा आवाज कानावर पडला की आत्याबाई हातातलं काम टाकून दारात जायच्या. मग तवा गॅसवर असो, की लेकरू मांडीवर. आमच्या हिंगोलीकडे सासूला आत्याबाई म्हणतात; या माझ्या आत्याबाई सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या. गावात कुणाचीही वरात निघो, ती बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "वाजवणारे ऊर फोडून वाजवून राहिले, अन् आपण घरात बसावं व्हय?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

अशा आत्याबाई माझ्या बाळंतपणानंतर इटलीत आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाल्या, "जीपपेक्षा बरं. टपावर कोणी बसलेलं नव्हतं."

माझे यजमान तिथल्या एका कारखान्यात नोकरीला. गाव डोंगरावरचं, लहानसं, बघायला सुंदर. पण मला तिथे मुळीच करमत नव्हतं. दुकानात बोट दाखवून भाजी घ्यायची आणि मान खाली घालून घरी यायचं, एवढाच माझा गावाशी संबंध. आत्याबाई परत निघतील तेव्हा लेकराला घेऊन आपणही कायमचं गोरेगावला जायचं, असं मी पक्कं केलं होतं, आणि यांना तसं सांगूनही टाकलं होतं. हे बिचारे वाद घालत बसले नाहीत. आत्याबाईंना हे कळलं नसेल असं नाही. पण त्यांनी विषय काढला नाही.

त्यांनी गाव बघायला काढलं. मी नको नको म्हणत असताना मला ओढून नेलं. चर्चमध्ये आई आणि बाळाचं एक जुनं, मोठं चित्र होतं. लोक लांबून लांबून ते बघायला यायचे. आत्याबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय भरजरीत अन् लेकरू उघडं! अंगडं काहून न्हाई घातलं त्याला? केवढा गारठा हाय इथं." त्या चित्राकडे मला तोवर मान वर करून बघावंसंही वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं, आणि खरंच, बाळाला थंडी वाजत असेल असं वाटलं.

चौकात संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम असायचा. एक धिप्पाड बाई असा काही सूर लावायची की आमचं लेकरू दचकायचं. आत्याबाई मात्र पदराने डोळे टिपत बसायच्या. काय कळलं तुम्हाला, असं मी विचारलं. "लेक सासरी चालली असंल तिची," त्या म्हणाल्या. "बराबर रडून राहिली बाई."

मग गावच्या संताचा उत्सव आला. बँड वाजत होता आणि पांढरे सदरे, चकचकीत काळे बूट घातलेले पुरुष संताची जड मूर्ती खांद्यावर घेऊन आमच्या गल्लीत शिरत होते. मी खिडकीतून बघत होते. मागे वळून पाहते तो आत्याबाई निरांजनाचं ताट आणि भरलेला तांब्या घेऊन जिना उतरायला लागलेल्या. "देव येऊन राहिला दारात, अन् तू खिडकीत काहून?"

आमच्याकडे गावदेवाची पालखी दारात आली की ती उचलणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं, ही रीत. पण ते भोई अनवाणी असतात. आत्याबाईंनी पुढे होऊन सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याच्या पायावर तांब्या ओतला. बूट, मोजा, विजार, सगळं ओलंचिंब. मिरवणूक जागच्या जागी थांबली. मूर्ती किंचित हलली, बँड बंद पडला. मी लेकराला घेऊन धावत खाली आले. आता हे लोक भडकणार, आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असंच मला वाटलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "या काय करताहेत?"

सगळा गाव ऐकत होता. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी सांगितलं, की आमच्याकडे देवाला आणणाऱ्यांचे पाय धुतात, कारण ते चालून दमलेले असतात. म्हाताऱ्याने आपल्या ओल्या बुटाकडे बघितलं. मग त्याने कोरडा पाय पुढे केला आणि म्हणाला, "मग हा का सोडला?"

गल्लीभर हशा पिकला. माझा जीव भांड्यात पडला. आत्याबाईंनी शांतपणे उरलेलं पाणी त्या बुटावरही घातलं, संताला ओवाळलं आणि बँडवाल्यांना हातानेच "हं, वाजवा" अशी खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानदारीणबाई मला सासूची खुशाली विचारू लागली. शेजारणी दार वाजवून लेकराला फिरवायला मागू लागल्या. पुढच्या उत्सवाला रस्त्यावर पाकळ्यांचा गालिचा घालायचा होता. त्यासाठी फुलं खुडायला मला बोलावणं आलं. तिथे गप्पा मारताना माझी भाषा कितीदा चुकली कोण जाणे, पण मी खूप दिवसांनी पोट धरून हसले.

एकदा जेवताना यांनी मोबाइलकडे बघत हळूच विचारलं, "तुझं आणि बाळाचं तिकीट काढायचंय ना?"

"नको," मी म्हणाले. "आत्याबाई, मी नाही येत."

वाढता वाढता आत्याबाई मटकन खाली बसल्या. "सुटले गं माय!" त्यांचे डोळे भरून आले होते. "तू निघनार हे कळलं तवापासून घास गोड लागला न्हाई मला. तू येते म्हनली असतीस तर न्हाई कशी म्हनणार व्हते मी?"

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. आम्ही गोरेगावला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. शेवटची भेट झाली नाही म्हणून मी फार रडले. शेजारची काकू जवळ येऊन बसली. म्हणाली, "उगी. तुमची काळजी न्हाई नेली तिनं संगं. भेटायला येणारा जो तो इचारायचा, पोरगं इतक्या लांब, सूनबी तिकडंच, कसं व्हायचं त्यांचं, म्हातारे? तर म्हनायची, कसं व्हायचं काय? तिथं माझ्या वळखीची मान्सं हायेत."