सदतीस अंशांची प्रयोगशाळा

बारावीच्या रसायनशास्त्राचे तीन भाग होते. सेंद्रिय म्हणजे पाठांतर, असेंद्रिय म्हणजे त्याहून मोठं पाठांतर, आणि भौतिक रसायनशास्त्र म्हणजे गणितं. वर्गातली बहुतेक मुलं या तिसऱ्या भागाला टरकून असत. मला मात्र तोच आवडायचा, कारण त्यात घोकंपट्टी चालत नसे. मी बाळापूरजवळच्या खेड्यातल्या मराठी शाळेतून अकोल्याच्या कॉलेजात आले होते. पुस्तकं एकदम इंग्रजी झाली होती आणि सेंद्रियच्या धड्यातलं एकेक वाक्य अंगावर यायचं. गणिताला इंग्रजी फारसं लागत नाही. मोल म्हणजे काय, हे एकदा डोक्यात बसलं आणि मला वाटलं, आता हे कोणी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. तोरा माझ्या अंगात आधीपासूनच होता, तो आणखी वाढला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वऱ्हाडात कापसाचं काय चाललं होतं ते साऱ्या देशाने वाचलं आहे, मी पुन्हा सांगत नाही. आमच्या घरी कापूस नव्हता. आम्ही झेंडू आणि भाजी लावणारे. पण गावात पीक हातचं गेलं की लग्नं पुढे ढकलली जातात, आणि लग्नं ढकलली गेली की झेंडू कोण घेणार? बाबा पहाटे टोपल्या एसटीच्या टपावर चढवून अकोल्याला जायचे आणि कित्येकदा निम्मी फुलं परत आणायचे. अकरावीला वर्गात होत्या त्यातल्या बऱ्याच मुली बारावीला दिसेनाशा झाल्या. माझं नाव हजेरीपटावर टिकलं, पण अट घालून. पहिला वर्ग आला तर बी.एस्सी.ला अमरावतीला पाठवीन, असं बाबांनी सांगितलं होतं. नाही आला, तर मामांनी आणलेलं स्थळ पाहायचं. बाबा कठोर नव्हते. पोरगी परगावी ठेवायची तर त्यांना कशाची तरी खात्री हवी होती, आणि मार्कांशिवाय दुसरी खात्री त्यांना ठाऊक नव्हती.

इंग्रजीमुळे लेखी पेपरांचा मला भरवसा नव्हता. सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर होती. ते मार्क खिशात असल्यासारखेच, असं सगळे म्हणायचे, आणि त्याला कारणही होतं.

आमच्या प्रयोगशाळेला टिनाचं छप्पर होतं. आम्लात अल्कली ओतली की किती उष्णता बाहेर पडते, हे मोजायचा एक प्रयोग असे. आधीचं तापमान घ्यायचं, दोन्ही द्रावणं एकत्र करायची, नंतरचं तापमान घ्यायचं आणि फरकावरून गणित करायचं. उष्णता निसटू नये म्हणून काचेचा पेला मोठ्या डब्यात ठेवून मधल्या जागेत कापूस ठासायचा. हा पिंजलेला कापूस माझ्या बाकावरची मैत्रीण आणायची. बाळापुरात तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. एवढी तयारी व्हायची खरी, पण कॉलेजात धड असा थर्मामीटर एकच होता. मग आमचे सर फळ्यावर आकडे लिहून द्यायचे. आधीचं तापमान पंचवीस, नंतरचं साडेएकतीस. पुस्तकात खोलीचं तापमान पंचवीसच असतं. आम्ही ते उतरवून घेत होतो आणि उत्तर पुस्तकाच्या जवळपास येत होतं. सर भले माणूस होते. एवढ्या पोरांना एका थर्मामीटरवर त्यांनी दुसरं काय शिकवायचं?

परीक्षेच्या दिवशी मात्र कुठल्याशा दुसऱ्या कॉलेजातून थर्मामीटर मागवले होते. प्रत्येकाच्या हातात एक. मार्च लागलेला, लोडशेडिंगमुळे पंखे बंद, वर टिन तापलेलं. बाहेरचे परीक्षक अमरावतीहून आले होते, पण मूळचे पुण्याकडचे असावेत हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. त्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

मला नेमका तोच प्रयोग आला. मी आम्लात थर्मामीटर बुडवला. पारा सदतीसवर. मैत्रिणीचा थर्मामीटर मागून घेतला, तोही सदतीस दाखवत होता. तिने स्वतःच्या कागदावर पंचवीस आणि साडेएकतीस लिहून टाकलं होतं. मी लिहायची थांबले आहे हे पाहून ती माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "पागल हो गई क्या? पच्चीस लिख." मला अमरावती आठवली आणि मामांचं स्थळही आठवलं. मी घाबरले होते, हे कबूल करते. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. ज्या विषयात घोकावं लागत नाही म्हणून मी त्याच्यावर जीव टाकला, त्यातही आता पाऱ्याकडे पाठ करून पाठ केलेलं लिहायचं? मी सदतीस लिहिलं. अल्कली ओतली, ढवळलं, पारा त्रेचाळीसवर जाऊन थांबला. फरक सहा. गणित केलं तर उत्तर पुस्तकापेक्षा बरंच कमी आलं. ते तसंच ठेवलं.

परीक्षक फिरत फिरत माझ्यापाशी आले. कागद उचलला, चष्मा वर केला.

"सदतीस? थर्मामीटर तोंडात धरला होतास का?"

सगळी प्रयोगशाळा हसली. आमचे सरही हसले. मला राग आला की पुस्तकातली मराठी माझ्या तोंडून पळून जाते, आणि तेव्हाही तेच झालं.

"तोंडात काहून धरू, सर? बाटलीले हात लावून पाहा. तुमाले एवढा घाम येऊन राहिला, तो का पंचविसात येते?"

हसणं जागच्या जागी थांबलं. आमच्या सरांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी बाटलीला हात लावला, थर्मामीटर माझ्याकडून घेतला आणि स्वतः बुडवला. बराच वेळ ते पाऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी मैत्रिणीचा कागद पाहिला. पंचवीस. पलीकडच्या मुलाचा पाहिला. पंचवीस. त्याच्याही पलीकडचा पाहिला. आणि वळून त्यांनी प्रश्न विचारला तो त्या मुलांना नाही, मला.

"मग हे पंचवीस कुठून आलं?"

खरी भीती मला तेव्हा वाटली. सगळं सांगितलं तर अख्खी बॅच बुडणार आणि सोबत आमचे सर. नाही सांगितलं तर आकडा खरा लिहूनही मी बोलण्यात खोटी ठरणार. मैत्रिणीने टेबलाची कड घट्ट धरली होती. तिच्या घरीही तिच्या शिक्षणाची चर्चा माझ्या घरच्यासारखीच चालू होती, हे मला माहीत होतं.

"सर, आज पयल्यांदा सगळ्याइच्या हाती थर्मामीटर आला," मी म्हटलं. "त्याइले पुस्तक पाठ हाय, म्हणून त्याइनं पुस्तक लिवलं. एकदा मोजू द्या त्याइले. सारे मोजतीन."

परीक्षकांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी हळूच मान हलवली. इतक्या वर्षांत मी पुष्कळ मोठ्या माणसांना चूक मान्य करताना पाहिलं आहे, पण त्या एका मान हलवण्यात जितका सच्चेपणा होता तितका फार थोड्यांत दिसला. परीक्षक म्हणाले, आधीचं खोडा आणि पुन्हा करा, वेळ मी देतो.

मग जी धांदल उडाली ती मला अजून जशीच्या तशी दिसते. डबे ओढले, कापूस ठासला, सगळे पाऱ्यावर वाकले. कोणाला सदतीस मिळालं, खिडकीपाशी बसलेल्याला अडतीस. आमच्या बॅचचे आकडे पहिल्यांदाच एकमेकांपासून वेगळे होते आणि सगळे आमचे होते. त्या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, स्वतःच्या कुठल्याही पदवीपेक्षा जास्त. मैत्रिणीचा फरक साडेसहा आला, माझ्यापेक्षा सरस. कापूस कसा भरायचा ते गादीवाल्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही, असं तिने मला लगेच ऐकवलं. मी जळले, पण थोडीच.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला विचारलं की पुस्तकवाले पंचविसापासून सुरू करतात आणि तू सदतीसपासून, तर उत्तर बदलेल का. मी सांगितलं, फारसं नाही. सुरुवात कुठून झाली यापेक्षा किती वर चढलं ते मोजायचं असतं. मग माझं उत्तर कमी का, असं त्यांनी विचारलं. कापूस सैल भरला होता, हे मी सांगून टाकलं. त्यांनी मार्क लिहिले आणि कागदावर पंजा ठेवला. मला काही दिसलं नाही.

संध्याकाळी अकोल्याच्या बसस्थानकावर बाबा टोपल्या घेऊन उभे होते. माझ्याआधी मैत्रिणीनेच त्यांना सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. बाबांचा चेहरा पडला.

"तू तपासनाऱ्या सरशी भांडली?"

मी हो म्हटलं. मार्कांचं काय, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि तेच सांगितलं. बाळापूरची गाडी लागली, लोक धावले, तरी ते तिथेच उभे.

"मंग बरोबर कोन होतं?"

"मी."

त्यांनी टोपल्या उचलल्या, टपावरच्या माणसाकडे वर सरकवल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंग अमरावतीले जाय. मार्क येतीन तवा येतीन."

गाडीत बसायला जागा नव्हती. बाळापूरपर्यंत मी उभीच होते, आणि मला बसावंसं वाटलंही नाही.