उंच गवतातली गादी

“दमलेल्याला उठवायचं नाही,” असं गवत कापणारी आमची मावशी नेहमी म्हणायची. माजाच्या दिवसांत नर हरीण उघड्या माळावर माद्यांजवळ टेकायचं आणि डोळा लागतो न लागतो तोच दुसऱ्या नरांना हुसकायला उठायचं. माज ओसरला की तेच हरीण उन्हाच्या बाजूच्या उंच गवतात एकटं, खोल रुतून झोपायचं. ते उठून गेलं की मावशी तिथे तळहात ठेवून ऊब बघायची.

त्या दिवशी जवळपास कापायला तेवढंच उंच गवत उरलं होतं, आणि आत बरगड्या निघालेलं हरीण पडलं होतं.

“सासूबाई, गाय हंबरतेय आणि तुम्ही हरणाची गादी राखताय!” सून म्हणाली.

“गाईला मी आहे गं. त्याला कोण आहे?”

विळा उचलून मावशी दूरच्या चढावर गवत शोधायला निघाली. हरीण मान न उचलता तिच्याकडे बघत राहिलं.