दोब्रिंकाची सतरा नावं

दोब्रिंकाला मी नीट ओळखत होतो असं म्हणवत नाही. तीस वर्षं ती आमच्या गावात टपाल वाटायची. माझी पेन्शनही तीच आणून द्यायची. पण तिचा नवरा गेल्याचं मला त्यांच्या फाटकावरच्या कागदावरून कळलं. आम्हा बल्गेरियन लोकांत माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, पुढे दर वर्षी नवा.

नगराध्यक्ष अकरा मतांनी पुन्हा निवडून आले, तेव्हा ती मतदान केंद्रात निरीक्षक होती आणि मी टेबलाशी, मतदान समितीत. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"स्तोइलदादा, सतरा मेलेल्यांनी मतदान केलंय. नावापुढे सह्या आहेत! आमचे यजमान लाचेझार त्यात आहेत. जिवंत असताना मतदानाला कधी उठले नाहीत, आता बघा."

गावभर हिंडून तिनं सतरा फाटकांवरच्या कागदांचे फोटो काढले होते.

"पण दुसरा उमेदवार तरी कुठं साधू आहे?" मी म्हणालो.

"दोघेही चोर. पण एकानं तरी सरळ निवडून यावं की नाही? कोर्टात तक्रार केलीय मी. वकील म्हणतो, टेबलाशी बसलेलं कुणीतरी बोललं पाहिजे."

"मी काही पाहिलं नाही."

"चष्मा तर होता डोळ्यांवर."

मी पाहिलं होतं. समितीचे अध्यक्ष रिकाम्या रकान्यांत सह्या करत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. पण माझी अडचण वेगळीच होती. मतमोजणीच्या कोऱ्या तक्त्यावर आम्ही सगळ्यांनी सकाळी कॉफी पिता पिताच सह्या करून टाकल्या होत्या. संध्याकाळी लवकर घरी जाता यावं म्हणून दर निवडणुकीला असंच करायचो. न्यायाधीशांसमोर उभा राहिलो असतो तर ते आधी सांगावं लागलं असतं. चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलं होतं मी.

"माझी मुलगी पालिकेच्या बालवाडीत स्वयंपाक करते," मी तिला म्हणालो. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

"मुलीचं म्हणता, तर मी काय बोलणार," ती म्हणाली आणि गेली.

सुनावणीला ती सकाळच्या बसनं एकटीच गेली. फोटोंवरून माणसं मेल्याचं कळतं, सह्या कुणी केल्या ते कळत नाही, असं सांगून कोर्टानं तक्रार फेटाळली. त्यानंतर दुकानात कुणी ना कुणी तिला छेडायचं, "काय पोस्टमनबाई, स्वर्गातलं टपाल आलं का?" मी तिथंच रांगेत असायचो. एकदाही बोललो नाही.

दोन वर्षांनी, शरदात, तिला सगळं सांगायचं ठरवून मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात लाल मिरच्या भाजत होती. त्यानंतरच्याच हिवाळ्यात ती वारली. त्या दिवशी मी बराच वेळ कुंपणाशी उभा होतो.

"यंदा साल जाड आहे मिरच्यांची," ती म्हणाली. "नेता का चार?"

"नको. घरी आहेत," मी म्हणालो आणि तसाच परत फिरलो.