टाकीवरचा नारळ

आमची बोअर मारायची गाडी दसऱ्याच्या पूजेपर्यंत ठणठणीत होती. दिवाळीनंतर ती हिंगणघाटजवळ नणंदेच्या सासऱ्यांच्या भाजीच्या वाडीत नेली आणि तिथेच अडली. गाडीच्या पाठीवर एक लोखंडी मनोरा आडवा झोपलेला असतो, तो मास्ट. दोन हायड्रॉलिक जॅक त्याला उभा करतात. आमचा मास्ट अर्धा उठला, थरथरला, पंप किंचाळला आणि सगळं थांबलं.

व्याही वांग्यांच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. जाम गावच्या चौकात दुसऱ्या पार्टीची गाडी उभी आहे, तुमची संध्याकाळपर्यंत चालली नाही तर तिला बोलावतो, असं त्यांनी सांगून टाकलं. तसं झालं असतं तर नणंदेला माहेरच्या गाडीवरून जन्मभर ऐकावं लागलं असतं. सासूबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या, त्यांचा जीव टांगणीला लागला.

नवऱ्याने जॅकचं सील बदललं, तेलाचे होज-पाइप तपासले, फिल्टर धुतला. तेल टाकीच्या काचेत भरपूर दिसत होतं. गंमत अशी की चहाला थांबलो की मास्ट हातभर वर जायचा आणि पुन्हा अडायचा.

"पाहुणे," व्याही म्हणाले, "तुमच्या मशीनले चहा लागते वाटते. साखर कमी पडून राह्यली का?"

सासूबाईंच्या मते देवी रागावली होती. त्या तेलाच्या टाकीवर यंदा दसऱ्याचा नारळ लाल कापडात बांधलेला होताच. त्यावर आणखी एक बांधायचं ठरलं. गाठ व्याह्यांनी स्वतः मारली. त्यानंतर मास्ट चहानेही उठेना.

तेव्हा कुठे माझं लक्ष नारळाखाली गेलं. टाकीवर बोंडासारखं एक टोपण असतं, कापड बांधायला सोयीचं. टाकी त्यातूनच हवा घेते. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. दुसरं पाडलं की धार लागते. आमचं दुसरं भोक कापडाने बंद झालं होतं, आणि तेल-धुळीने ते कापड पापडासारखं कडक झालेलं. चहा होईपर्यंत जेवढी हवा आत झिरपायची, तेवढ्यावर मास्ट हातभर उठायचा.

नवऱ्याने सगळी गाडी खोलली, पण तिथे हात लावला नाही. दसऱ्याचा नारळ पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडत नाहीत. जिथे हात लावायचा नाही तिथे बिघाडही नसतो, असं आमच्याकडचे पुरुष धरून चालतात.

मी सासूबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. देवीला तेलकट जागेतून उचलून केबिनसमोर बसवू म्हणाले. सासूबाई भोळ्या नव्हत्या.

"म्हणजे मीच बांधलं होतं नं ते?"

"एक तुमचं, एक व्याह्यायचं. गाठ त्यायचीच जास्त घट्ट हाय."

त्या ताबडतोब उठल्या. देवीला चांगली जागा देते म्हणत दोन्ही नारळ स्वतः सोडले, पुढे नेऊन बांधले. देवीचं काम, व्याही काय बोलणार? मी टोपण काढलं तशी टाकीने हवा सुर्रकन ओढली. टोपण घासलं, परत बसवलं, नवऱ्याने दांडा ओढला. मास्ट चहा न घेता सरळ उभा राहिला.

आपल्या नारळाने गाडी चालली, असं व्याह्यांनी गावभर सांगितलं. सासूबाई मान डोलवत राहिल्या. नणंदेला कुणी काही बोललं नाही. पुढच्या दसऱ्याला मी पूजेच्या आधीच टोपणापाशी जाऊन उभी राहिले.