उरलेली रजा

आईच्या फोटोशी मी रोज बोलते. भाजी महागली, गुडघा धरला, शेजारच्या पोरांनी पुन्हा जांब तोडले — सगळं सांगते. हे मात्र तिलाही सांगितलेलं नाही. कारण यात तीही आहे, आणि तिचं नाव पुढे करून मी सुटायला बघेन, अशी मला भीती वाटते. मी तशी आहे. नियम सोडायचा नाही, पण नियमाची दोरी आपल्याला हवी तशी वळायची — ही कला माझ्यात चांगलीच होती.

मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नाहीतर या वयात नवं माणूस कुठून आणू?

मी मास्तरीण होते. मोहाडी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, मुलींच्या चौथीपर्यंतच्या शाळेत. आम्ही तिघंच होतो — हेडमास्तर, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत, वच्छला, आणि मी. वर्ग चार आणि शिकवणारे तीन, त्यामुळे कोणी एक गैरहजर राहिलं की राहिलेल्यांची दाणादाण. वच्छला माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, गावातच दिलेली, हसरी. मी बिनलग्नाची. वडील लवकर गेले, पाठचे दोन भाऊ शिकायचे होते, मी नोकरीला लागले आणि माझं लग्न हा विषय घरात हळूहळू निघेनासा झाला. भाऊ शिकले, लांब गेले. आई पवनीला राहायची आणि मी शाळेच्या गावात एका खोलीत. एकटीचा स्वयंपाक ही काय गोष्ट असते, ती ज्यानं केली त्यालाच कळते. दोन पोळ्या लाटायच्या आणि एक उरायची.

आता एक गोष्ट आधीच बोलून टाकते. माझी तक्रार खोटी नव्हती. आजही मला ती खोटी वाटत नाही. मतदार याद्या आल्या — कुसुमबाई करतील, त्यांच्या मागे कुठं लेकरंबाळं आहेत? जनावरांची गणती — कुसुमबाई. नसबंदीच्या केसेस आणायची सक्ती झाली तेव्हा घरोघर फिरून बायाबापड्यांना ‘आता पुरे करा’ सांगायला कोण? मीच. जिनं पाळणा कधी हलवला नाही तिनं दुसऱ्यांचे पाळणे थांबवायचे! बाया पदराआड हसायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायची, काय करणार?

आणि मग आईला अर्धांगाचा झटका आला. दिवस धान चुरण्याचे, म्हणजे मळणीचे होते, पवनीत शेजारपाजारही शेतावर. किरकोळ रजा मी आधीच संपवल्या होत्या. मी मोठ्या गुरुजींकडे गेले. ते वाईट नव्हते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाले, “बाई, मायसाठी रजा कोणत्या नियमात बसवू? तुमी सोताच्याच बिमारीचं सर्टिफिकेट आना ना डाक्टरचं. मी काई इचारत नाई.”

मी आणलं नाही. खोटं सर्टिफिकेट आणणाऱ्यातली मी नाही, असं मी ताठ मानेनं सांगितलं. रविवारी जायचं, सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं परत यायचं, असं चाललं. आई बुधवारी गेली. मी त्या वेळी तिसरीच्या मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. किती मोठा आवाज लावतात हो मुली पाढे म्हणताना — बाहेर निरोप्या उभा आहे हेही मला ऐकू आलं नाही.

त्याच हिवाळ्यात वच्छला बाळंतपणाच्या रजेवर गेली. भर पगारी, हक्काची रजा. तिचा वर्ग माझ्याकडे आला. एका खोलीत तिसरी आणि चौथी, मध्ये फळा उभा करून. मला राग आला का? आला. जिनं मला जन्म दिला तिच्या मरणाला सरकारकडे रजा नाही, आणि जे अजून जन्मलेलंच नाही त्याच्यासाठी आहे — हे कुठलं गणित? हे मी मनात शंभरदा घोळवलं. वच्छलाला मुलगा झाला. मी बाळंतविडा घेऊन गेले, मुलाला मांडीवर घेतलं, त्याच्या मुठीत बोट दिलं. आणि घरी येऊन पुन्हा तेच गणित मांडत बसले.

मुलगा तीन आठवड्यांचा होऊन गेला. ताप आला, दूध ओढेना, भंडाऱ्याला नेईपर्यंत संपलं.

इथून पुढचं मी आजवर कधी शब्दांत मांडलेलं नाही. मनात ते नेहमी तुकड्यातुकड्यांनी येतं आणि मी चहा ठेवायला उठते.

मार्च होता. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. एका सकाळी मोठे गुरुजी माझ्या वर्गाच्या दाराशी आले. घुटमळले. म्हणाले, “कुसुमबाई, वच्छलाबाईची रजा अजून लय बाकी हाये. पन लेकरू तं गेलं बिचारीचं. आता त्या रजेचं कसं करायचं असते? मले तं काई समजून नाई राहिलं. परिपत्रकं तुमीच वाचता.”

तुम्हाला सांगते, त्यांच्या मनात काही नव्हतं. मी ‘चालू राहते’ म्हटलं असतं तर ते मान डोलावून निघून गेले असते. शाळेत आलेली परिपत्रकं वाचून दाखवायचं काम माझं. त्यांना ती भाषा झेपत नसे, आणि मला — खोटं कशाला बोलू — ती भाषा येते याचा तोरा होता. माझा शब्द हाच शाळेत नियम होता. रजेचं परिपत्रक मी नीट वाचलं होतं. बाळ गेलं तर रजा तुटते असं त्यात कुठेही नव्हतं. एक अक्षर नव्हतं.

मी म्हणाले, “रजा मूल सांभाळण्यासाठी असते, गुरुजी. मूल नाही तर रजा नाही. हजर व्हावं लागतं.”

बस, इतकंच. आवाजही चढवला नाही. जसा सातचा पाढा सांगावा, तसं सांगितलं.

गुरुजी म्हणाले, “असं हाये का? कठीनच हाये बापा. मंग तुमीच सांगा तिले. बाईमानसानं सांगतलेलं बरं.”

तिथे तरी मी थांबायला हवं होतं ना? संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. मी केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसले आणि तिच्या घरी गेले. वच्छला अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी तिचा हात हातात घेतला आणि शक्य तितक्या मायेनं तिला खोटं सांगितलं. तिची सासू दारातून म्हणाली, “अजून अंग सुकलं नाई तिचं! इतक्या लवकर काहून बलावते सरकार?” आणि वच्छलाच तिला समजावायला लागली — “नियम असते माय. कुसुमबाई कायले खोटं सांगतीन? त्यायनं तं सोताच्या मायसाठीई नियम मोडला नाई.”

हे ऐकून तरी? नाही. मला तेव्हा काय वाटलं, तेही सांगते. आनंद नाही झाला. हायसं वाटलं. वाटलं, आता आम्ही दोघी सारख्या. 

वच्छला सोमवारी हजर झाली. आमच्याकडे मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शाळेत यायच्या. आया कामाला गेल्या की पोर कोणाकडे ठेवणार? कोणी त्यांना अडवत नसे. वर्गात दोन-तीन तान्ही असायचीच, रडायची, झोपायची, आम्हाला त्याची सवय झालेली. वच्छला माझ्या शेजारच्या खोलीत, मध्ये अर्धी भिंत. ती आत आली तशी एक मुलगी म्हणाली, “बाई, मोगऱ्याचा वास येऊन राहिला! तुमचा गजरा कुठं हाये?” वच्छला म्हणाली, “घरी राहिला.” गजरा नव्हताच. दूध आटावं म्हणून सासूनं तिच्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधली होती. मुलीचं ते कळण्याचं वय नव्हतं. माझं होतं.

थोड्या वेळानं एका मुलीच्या मांडीवरचं पोर भुकेनं रडायला लागलं. ते रडणं थांबेना. फळ्याशी शिकवणाऱ्या वच्छलाचा आवाज मध्येच तुटला. मी भिंतीवरून पाहिलं — तिनं दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेतला होता आणि तरी पदर समोरून भिजत चालला होता. ती बाहेर धावली, शाळेच्या मागे कडुनिंबाखाली. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना शुद्धलेखन घातलं.

नंतर मी तिच्याकडे पाणी घेऊन गेले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गावात माझं नाव झालं — कुसुमबाईंनी वच्छलाला बहिणीसारखं सांभाळलं म्हणून. ती माझ्या एकटेपणाची सोबत झाली. सणासुदीला ताट यायचं, आखाडीला बोलावणं यायचं. पुढे तिला एक मुलगा झाला, तो मला मावशी म्हणू लागला. माझ्या आयुष्यात जी काही माणसं उरली ती अशी, त्या एका खोट्यावर मिळालेली. तोंडात घास असताना मला ते आठवायचं, आणि मी घास गिळायची.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत सांगायला कधी जागाच मिळाली नाही? मिळाली होती. तीच सांगायची राहिली आहे.

सात-आठ वर्षं गेली असतील. तालुक्याला मोहाडीत शिक्षकांची सभा होती. दुपारी आम्ही बाया बाहेरच्या ओट्यावर डबे सोडून बसलो. दुसऱ्या एका शाळेतली एक नवी पोर आली होती, ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. महिन्याभरापूर्वी तिचं पहिलं बाळ गेलं होतं. सगळ्या हळहळल्या. ती म्हणाली, “माझी रजा अजून बाकी हाये. आमचे हेडमास्तर म्हणते, घरीच राय. नवरा म्हणते, एकदा सभेत विचारून घे. राहू का मी घरी?”

वच्छला तिच्या शेजारी सरकली. तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि अगदी मनापासून, मोठ्या बहिणीनं सांगावं तसं म्हणाली, “नाई बाई, तसं नाई चालत. लेकरू नाई तं रजा नाई. तसा नियमच हाये. मीई अशीच हजर झाली होती. तुले खोटं वाटत असन तं या कुसुमबाईले इचार. त्यायनं वाचलं हाये.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ती पोरही. तिच्या चेहऱ्यावर आशा होती — मी ‘नाही’ म्हणेन अशी. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द त्या पोरीला सुटका देणार होता आणि त्याच वेळी वच्छलाला सगळं सांगणार होता. वच्छला माझ्या अगदी जवळ बसली होती, तिचा हात अजून त्या पोरीच्या पाठीवर होता.

मी म्हणाले, “हो. नियम तसाच आहे.”

पोरीनं मान खाली घातली. म्हणाली, “बरं झालं सांगतलं. नाईतं पगाराची वसुली निघाली असती.” तिनं न खाल्लेला डबा बांधला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाली. नवरा समोरच्या स्टँडवर उभा होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलली, त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं गाडीत जाऊन बसली.

गाडी सुटायला बराच वेळ होता. ती खिडकीशी बसलेली ओट्यावरून दिसत होती. मी उठले आणि डबा धुवायला नळावर गेले.