पारूबाईंनी भरलेल्या नांग्या

केजला एस.टी.तून उतरले, तेव्हा थंडीने हात स्वेटरच्या बाहेर निघत नव्हते. मी मात्र खुशीत होते. थंडीत जोमाने उगवणारी ज्वारी तयार करण्यात माझी सात वर्षं गेली आहेत, आणि असा गारठा काही मागून मिळत नाही.

पुढे काळी-पिवळीत (सीटमागे भाडं घेणारी जीप) शेजारच्या आजोबांनी चौकशी केली. "नुसती ज्वारी बघाया पुण्याहून आलाव? लई कामाची दिसती ज्वारी!" जीपभर हशा पिकला. मीही हसले.

माझ्या चाचणीला जागा देणाऱ्या शेतकरी पारूबाईंच्या रानात तीन आठवड्यांपूर्वी मी वीस ओळी दाणे मोजून टोकल्या होत्या. त्यातलं किती उगवलं, एवढंच आज बघायचं होतं. बांधावरून पाहिलं तर सगळ्या ओळी गच्च भरलेल्या. आधी हरखले, मग खटकलं. इतक्या थंडीत सगळंच्या सगळं बी उगवत नसतं.

पारूबाई भाकरीचं फडकं घेऊन आल्या. "नांग्या (न उगवलेल्या जागा) लई पडल्या होत्या, मॅडम. तुमी येणार अन् रान असं बोडकं दिसावं? धा दिसांमागं मीच भरल्या."

"अहो, त्या नांग्याच मोजायच्या होत्या मला!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यांचा चेहरा उतरला. मला माझीच लाज वाटली. माझ्या ओळी भरलेल्या दिसाव्यात म्हणूनच तर त्या गारठ्यात वाकल्या होत्या.

त्या ओळीत बसल्या. "माजी बारकी हायत, वळखू येत्यात," म्हणाल्या आणि आपली रोपं उपटू लागल्या. प्रत्येक रोपागणिक त्यांचं तोंड कसनुसं होत होतं. माझं सगळ्यात आशेचं वाण सातव्या ओळीत होतं. ती झाली, तेव्हा तिथे माझी चारच रोपं उरली. मी पुन्हा एकदा मोजली.

त्यांनी ओटीतली रोपं माझ्यापुढे ठेवली. बारीक, पण मुळं बोटभर लांब. मी एक रोप उचलून बराच वेळ बघत राहिले. माझ्या बियाण्यानंतर, याच थंडीत टोकलेलं.

"बी भिजवलं होतं?"

"न्हाई. गाडग्यातलं घेतलं अन् टोकलं."

"वाया किती गेलं?"

"एकबी न्हाई."

"जात कोणती?"

"जात कशाची? घरचंच हाय. आमी तेच पेरतो."

भाकरी-ठेचा खाऊन निघाले. परतीच्या एस.टी.त वही उघडून सातव्या ओळीपुढे खरा आकडा लिहिला. लिहिताना वाईट वाटलं. मांडीवर फडक्यात बांधलेली त्यांच्या गाडग्यातली ओंजळभर ज्वारी होती. तीन वर्षं मी पारूबाईंकडे जागा मागायला जाते आहे. त्यांच्याकडे स्वतःचं बी आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं.