झाकण पडलेला भोपळा

ऑर्व्हिल टॅटमने एकेचाळीस वर्षं ओहायोतल्या त्या लहानशा गावात टपाल वाटलं. कुणाचा कुत्रा चावरा आणि कुणाकडे कुणाची पत्रं न वाचताच फाडली जातात, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र तो पाहुणाच. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनला भोपळा पोकळ करून, त्यावर तोंड कोरून आत मेणबत्ती लावायची ती त्याची बायको मॅक्सिन. ह्याचं काम एकच, तिनं काढलेला गर चिवडून बिया वेगळ्या करायच्या आणि मीठ लावून भाजायच्या. त्यातल्या निम्म्या भाजता भाजताच फस्त व्हायच्या.

मार्चमध्ये मॅक्सिन गेली. ऑक्टोबर लागला तसा ऑर्व्हिल बेचैन झाला. पायरीवर पेटलेला भोपळा नसेल, तर सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायला निघालेली मुलं त्या घराकडे फिरकत नाहीत. आणि मॅक्सिनच्या दारात तर रांग लागायची. यंदा मुलं तशीच पुढे गेली तर?

"प्लॅस्टिकचा आण की. बटण दाबलं की पेटतो," शेजारची जोलीन म्हणाली.

"यंदा खराच. तिच्यासाठी. मग संपलं."

त्यानं देठाभोवती सुरी सरळ खाली खुपसून गोल कापलं, आणि झाकण गपकन आत पडलं. जोलीनला हसू आवरेना.

"अरे बाबा, सुरी तिरकी धरायची, म्हणजे झाकण कडेवर बसतं. इतकी वर्षं तिच्यासमोर बसलास ना? कधी बघितलं नाहीस?"

"माझं लक्ष बियांत," ऑर्व्हिल पुटपुटला. त्याला स्वतःची लाज वाटली. एवढ्या वर्षांत त्यानं तिचे हात कधी नीट पाहिलेच नव्हते.

झाकणाला दात कोरायच्या काड्या टोचून त्यानं ते कसंबसं बसवलं. हॅलोवीनच्या संध्याकाळी पहिली मुलं फाटकाशी आली, आणि नेमकं तेव्हाच झाकण मेणबत्तीवर कोसळलं. अंधार झाला. मुलं वळली.

"थांबा रे, आहे मी घरात!" ऑर्व्हिल गुडघे धरत पायऱ्या उतरला. झाकण ओढून काढलं, मेणबत्ती पुन्हा लावली. चेटकिणीची टोपी घातलेली एक मुलगी परत आली आणि उघड्या भोपळ्यात डोकावली.

"मॅक्सिनआजीचं झाकण कधी पडायचं नाही."

"कसं पडेल? ती सुरी तिरकी धरायची," ऑर्व्हिल म्हणाला. जणू जन्मभर तेच बघत बसला होता. मुलीच्या पिशवीत त्यानं मूठभर चॉकलेटं टाकली. "पुढच्या वर्षी मीपण तशीच धरेन."